काठाला लागल्यावर म्हणायचा शब्द

पौषातलं ऊन पाण्यावर उतरलं की त्याला वजन उरत नाही. ते तरंगतं. कांदळांच्या काळसर मुळांना स्पर्शून, बगळ्यांच्या शुभ्र मानांवर क्षणभर टेकून, ते हळूहळू खाडीच्या मुखाकडे वाहत जातं. आणि जाता जाता साऱ्या जळावर एक सुवर्णधूसर, अर्धनिद्रित शांतता अंथरून जातं.

कांदळवाडीचा काठ त्या उन्हात बसला होता. जांभ्याच्या तांबूस पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेली निळी जाळी, जाळ्यांच्या कडेकडेनं बसलेल्या बाया. आणि त्यांच्या डोक्यांवरून, दूर वरच्या अंगाला, नव्या पुलाची करडी, सरळ, मुकी रेघ. पूल झाला आणि माणसं पल्याड नेणारी होडी थांबली. पाणी मात्र अजून वाट होऊन पडलं होतं, कुणी चालायला येईल म्हणून.

सगळ्यांत खालच्या पायरीवर प्रणिता उभी होती. वासू तारीची, ती होडी चालवणाऱ्या नावाड्याची, लेक. पुण्याला दिलेली, सुट्टीला माहेरी आलेली. तिचे बाबा आणि तिची चार वर्षांची जुई सकाळी होडीनं पल्याडच्या देवीच्या जत्रेला गेली होती. दुपार उतरेपर्यंत येतो, म्हणाली होती.

दुपार उतरली होती. आणि प्रणिताच्या ओठांवर एक शब्द आला होता.

तो शब्द या काठावर म्हणायचा नसतो.

दिवा विझला असं आपण म्हणत नाही, दिव्याला निरोप दिला म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. उंबऱ्यातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. तशीच कांदळवाडीची ही एक आगळी रीत. पाण्यावर गेलेल्या माणसाला 'उशीर झाला' असं कुणी म्हणायचं नाही. सूर्य कलू दे, चुलीवरची पेज आटू दे, कोंबड्या झाकायची वेळ होऊ दे. म्हणायचं एवढंच, 'वाटेर आसा.' वाटेवर आहे.

आणि मग ती होडी काठाला लागली, त्या माणसाच्या पावलाचा पहिला ओला ठसा जांभ्यावर उमटला, की तो कोंडलेला शब्द मोकळा व्हायचा. आधी घरचं माणूस तो उच्चारायचं, आणि मग अख्खा काठ. उशीर केलंस रे! उशीर केलंस गो! जणू कुणी मूठभर लाह्या उधळाव्यात तसा तो शब्द त्या माणसावर उधळला जाई. त्याच्यामागून शिव्या येत, शिव्यांमागून हसू, हसण्यामागून डोळ्यांचं पाणी.

या काठाच्या बोलीत उशीर हा घड्याळाचा शब्द नव्हताच कधी. तो परतलेल्यांचा शब्द होता.

प्रणिताला तो शब्द आठवायचा तो आईच्या आवाजात.

शाळा पल्याड होती. संध्याकाळची शेवटची होडी पाणी कापत यायची, आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, बसलेली दोन वेण्यांची प्रणिता लांबूनच पायरीवरची आई शोधायची. आधी हिरव्या लुगड्याचा एक ठिपका. मग ठिपक्याला हात फुटायचे. मग कमरेवर ठेवलेल्या त्या हातांमधून संतापाची एक सुंदर आकृती उभी राहायची. पाऊल पायरीला लागलं की आई म्हणायची, "उशीर केलंस गो बाय!" आणि त्या शब्दाला चुलीच्या धुराचा वास असायचा, खाऱ्या आंब्याची चव असायची, अंगावर पडलेल्या जुन्या गोधडीची ऊब असायची.

कधीकधी ती मुद्दाम रेंगाळायची. शाळेमागच्या बोरीखाली, दप्तर मातीत टाकून, बोरं वेचत. आधीची होडी डोळ्यांदेखत सुटू द्यायची. कारण आधीच्या होडीनं जाणाऱ्या मुलींना कुणी रागावत नसे. त्या नुसत्या पायऱ्या चढून घरी जात. तो शब्द अंगावर झेलायचा तर थोडा काळोख हवा, थोडी ओली थंडी हवी, आणि काठावर कुणीतरी जीव मुठीत धरून उभं हवं. लहान मुलं निष्ठुर असतात. त्यांना आपल्यासाठी धरलेल्या जिवाचं मोल ठाऊक नसतं, पण त्याची गोडी ठाऊक असते.

आई गेली. हिरवा ठिपका पायरीवरून पुसला गेला.

त्याआधीच प्रणिता घाट चढून गेली होती. कॉलेज, पदवी, नोकरी, लग्न, आणि पुणं. पुण्यात तो शब्द होता, पण त्याची कातडी निराळी होती. तिथे तो सकाळच्या गजराबरोबर उठायचा. सिग्नलला शेजारी येऊन थांबायचा. पाळणाघराच्या दारात, एका पायातला बूट काढून बसलेल्या जुईच्या मागे, तो बाईंच्या चेहऱ्यावर उभा असायचा: "आज पुन्हा उशीर, जुईची आई?"

आणि त्याहून वाईट, तो जुईच्या अंगावर यायचा. दात यायला उशीर. पाऊल टाकायला उशीर. शेजारची तिच्याएवढी मुलगी अख्खी गाणी म्हणते, हिला बोलायला उशीर नाही ना झाला? प्रत्येक गोष्टीची एक वेळ कुणीतरी, कुठेतरी, आधीच ठरवून ठेवली होती, आणि प्रणिता रात्रंदिवस त्या न दिसणाऱ्या वेळांच्या मागे धावत होती. झोपलेल्या जुईच्या छातीवर हात ठेवून ती श्वास मोजायची. मऊ, उष्ण, इवला श्वास. तोही एखाददिवशी उशिरा येईल की काय, या भयानं.

असा हा एकच शब्द. एका काठावर गोधडी, दुसऱ्या काठावर टाचणी.

म्हणूनच तर आज सकाळी तिनं त्यांना जाऊ दिलं होतं.

पुलावरून रिक्षा होती. पण बाबा म्हणाले, "होडीन जावंया. पोरीक पाणी दाखवंया जरा. पूल काय, खंयचोय बघूक गावता." प्रणितानं बाबांच्या हातांकडे पाहिलं होतं. वल्ह्यावर घट्ट बसणारे ते हात आता चहाचा कप उचलताना किंचित थरथरतात, हे तिनं आल्याच दिवशी टिपलं होतं. तिनं पुण्याहून आणलेलं नारिंगी जीवरक्षक जाकीट जुईला घातलं, त्याचे पट्टे दोनदा ओढून पाहिले, तिसऱ्यांदा ओढले. "आई, मला श्वास घेऊ दे ना," जुई म्हणाली. आणि तरी प्रणितानं होडीला धक्का दिला. कारण मनाच्या तळाशी, शेवाळल्या पायरीसारखी, एक इच्छा होती. आपल्या लेकीलाही एकदा कुणीतरी काठावरून लांबवर शोधावं. तिलाही एकदा तो शब्द त्याच्या जुन्या कातडीत भेटावा.

ती इच्छा आता तिच्या पोटऱ्यांना थंड विळखा घालून बसली होती.

ओहोटी लागली होती. पाणी पायरीपायरीनं उतरत गेलं, आणि त्याखालचा चिखल, चकचकीत, शिशाच्या रंगाचा, अंग उघडं टाकून वर आला. कुर्ल्या बिळांतून बाहेर आल्या. खाडीच्या मधोमध वाळूचा दांडा पाठ काढून निजला. सूर्य त्या दांड्यापलीकडे, माडांच्या काळ्या झालरीत, केशराच्या डागासारखा पसरत गेला. आणि साऱ्या त्या झळझळत्या, रित्या, विस्तीर्ण जळावर कुठेही, कुठेही, एक नारिंगी ठिपका नव्हता.

तिनं बाबांना फोन लावला. वर घराच्या ओटीवर, चार्जिंगला लावलेला, तो वाजताना काठापर्यंत ऐकू आला.

बाया खळखळून हसल्या. "बापाशीन बरो बंदोबस्त केल्यान," एक जण म्हणाली. दुसरी जाळ्याची गाठ दातांनी ओढत म्हणाली, "पुण्यातल्या घोवाची तरी इतकी वाट बघतंस काय गो तू?"

प्रणिता हसली नाही. ती पाहत राहिली. तिचे डोळे पाणी चाळत होते, जसं कुणी तांदूळ चाळावेत. प्रत्येक लाट उचलायची, पाहायची, बाजूला टाकायची. एक काळं लाकूड वाहत आलं आणि तिच्या काळजाचा ठोका घेऊन गेलं. एक बगळा उडाला. वारा जमिनीकडून समुद्राकडे वळला, आणि त्या वळण्यात दिवसाची शेवटची ऊब निघून गेली.

"उशीर झालाय!"

शब्द सुटला होता.

"किती उशीर झालाय! तुम्ही सगळ्या नुसत्या बसलायत काय? कोणीतरी जा ना... उशीर झालाय हो त्यांना!"

काठ थिजला. जाळ्यातले हात जाळ्यात राहिले. हसणारीच्या ओठांवरचं हसू वाळूत जिरणाऱ्या पाण्यासारखं नाहीसं झालं. एका बाईनं जांभ्याला हात लावून तो कपाळाला लावला. आणि त्या निःशब्द, निर्वात, ताणलेल्या क्षणात प्रणिताला कळलं की तिनं काय केलं. माहेरचा काठ, आईची पायरी, आणि तिच्या तोंडी तो शब्द. पाण्यावर असलेल्या दोन जिवांवर, अर्ध्या वाटेत, उघड्यावर. तिच्या पदवीला हे पटत नव्हतं. तिच्या गुडघ्यांना पटत होतं. ती पायरीवर बसली.

सगळ्यांत वयस्क होती शेवंतकाकी. ती काठाच्या टोकाला, एकटीच, पाण्याकडे पाय सोडून बसायची. रोज, सगळ्या ऋतूंत, सगळ्या उन्हांत. तिनं मान वळवली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"वाटेर आसत," ती म्हणाली. पाण्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. जसं कुणी लहान मुलाच्या दुखऱ्या गुडघ्यावर फुंकर घालावी.

मग तिनं जाळी गोळा करणाऱ्या दिगूला हाक मारली. "दिगू, सोबतीक जा रे जरा."

शोधायला जा, असंही या काठावर कुणी कुणाला सांगत नाही. माणूस हरवलेलाच नाही, तो वाटेवर आहे. मग शोधायचं काय? सोबतीला जायचं. हे न बोलणं म्हणजे न करणं नव्हे. दिगूनं बिडी विझवली, हलकी होडी चिखलावरून ओढत पाण्याला लावली, बांबू रोवला. आणि तो त्या केशरी झळाळीत, काळा, कृश, रेखीव, हळूहळू लहान होत गेला.

"काकी, माझ्या तोंडून चुकून..." प्रणिता म्हणाली.

"तू पुण्याची बोली बोललंस गो," शेवंतकाकी म्हणाली. "पाण्याक खंय कळता पुण्यातला मराठी?"

कुणीतरी नाकातून हसलं. काठ पुन्हा श्वास घेऊ लागला. शेवंतकाकीनं आपल्या शेजारची जागा तळहातानं झाडली, आणि प्रणिता तिथे जाऊन बसली.

बसली, आणि मग पहिल्यांदाच तिनं त्या म्हातारीकडे नीट पाहिलं. लहानपणापासून ती पाहत आली होती, पण माडाकडे पाहावं तसं. कपाळावरचं ठसठशीत कुंकू. हातांतल्या हिरव्या बांगड्या. प्रणिताच्या जन्माच्याही आधी, एका कार्तिकात, शेवंतकाकीचा नवरा खोल समुद्रात मासेमारीला गेला होता. बरोबरची होडी परतली, त्याची नाही. सरकारी माणसं आली, चौकशा झाल्या, भावकीनं समजावलं. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, गूळ दिला, आणि कुंकू काढलं नाही. कांदळवाडीनंही तिला कधी विचारलं नाही. इतकी वर्षं, इतके पावसाळे, इतक्या भरत्या; आणि या काठावरच्या एकाही माणसानं, भांडणातसुद्धा, त्या माणसाला उशीर झाला असं म्हटलं नव्हतं.

केवढी ती माया. आणि केवढी ती शिक्षा.

प्रणिताला थंडी वाजली. तिला वाटलं, पाणी आता दोघींकडे पाहत आहे: जिनं तो शब्द फार लवकर म्हटला तिच्याकडे, आणि जिला तो अजून म्हणता आलेला नाही तिच्याकडे. तिनं शेवंतकाकीचा हात धरला. तो हात खरखरीत होता, मिठानं राठ झालेला, आणि आश्चर्य म्हणजे तोही घट्ट मिटला होता. म्हातारीही घाबरली होती. रीत पाळणाऱ्यांनाही भय असतं. ते फक्त भयाला पाय पुसून आत घेतात.

केशर विझलं. जांभळं उतरलं. जांभळ्यातून राखाडी निथळलं. आणि चिखलाच्या कडेनं, अगदी बारीक, ओठांत पुटपुटावी तशी, एक कुजबुज सुरू झाली. पाणी वळलं होतं. भरती लागत होती. हळूहळू चिखल झाकला गेला, पाणी खालच्या पायरीला लागलं.

त्या राखाडीत, वाळूच्या दांड्याच्या शेपटीपाशी, काहीतरी हललं.

आधी एक बांबू. मग बांबूखाली दिगू. मग त्याच्यामागे, दोरीनं बांधलेली, झुलत येणारी दुसरी होडी. आणि त्या होडीच्या नाळेवर, विझल्या दिवसाचा उरलेला एकुलता एक निखारा असावा तसा, नारिंगी, नारिंगी, नारिंगी ठिपका.

प्रणितानं तोंडावर हात दाबला. ठिपक्याला हात फुटले. ते हात हलले. ठिपक्याला आवाज फुटला.

"आई! आमची होडी झोपली होती!"

पाण्यावरून तो आवाज घरंगळत आला, ओला, गोल, अखंड.

"सुकतीन धरल्यान, पाणीच सरला," बाबा खालच्या मानेनं म्हणाले, होडी पायरीला टेकताना. "जत्रेत जरा रवलंव. मगे वाळूर बसलंव ते बसलंवच. पाणी येयसर काय करतलो?" त्यांचे हात वल्ह्यावर थरथरत होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

दिगूनं जुईला काखेत धरून उचललं, आणि खाली ठेवलं. इवलं, उघडं, वाळूनं माखलेलं पाऊल जांभ्याला लागलं. ओला ठसा उमटला.

आणि काठ थांबला.

आधी घरचं माणूस म्हणतं, आणि मग अख्खा काठ. सगळ्या बाया प्रणिताकडे पाहत होत्या. जाळी हातांत, शब्द ओठांत, सगळ्या थांबून. ज्या पायरीवर तिची आई कमरेवर हात ठेवून उभी राहायची, त्याच पायरीवर, त्याच वाऱ्यात, प्रणिता उभी होती. पण तो शब्द तिनं आजच उधळून टाकला होता. आता तो पुन्हा तोंडात घ्यायला तिची जीभ धजत नव्हती.

जुई तिच्याकडे मान वर करून पाहत होती. गालांवर वाळू, ओठांवर गूळ. एवढ्याशा मुठीत जत्रेतल्या खाज्याचा, गूळ चढवलेल्या शेवकांडीचा, चिकट, अर्धा खाल्लेला तुकडा.

"आई, तू रडतेस का?"

तेव्हा ती खाली वाकली. लेकीच्या वाळूभरल्या कानाशी ओठ नेले. आणि घाटावरच्या सगळ्या वर्षांच्या, सगळ्या गजरांच्या, सगळ्या टाचण्यांच्या तळातून, धुराचा आणि खाऱ्या आंब्याचा वास असलेला तो शब्द वर आला. तिच्या आवाजात नव्हे, तिच्याही आधीच्या कुणाच्या तरी आवाजात.

"उशीर केलंस गो बाय!"

आणि काठ फुटला. उशीर! उशीर केलंस रे वासू! खंय उलथलं होतंस रे मेल्या, नातीक घेऊन? म्हाताऱ्या, डोळे हत काय भोकां? उशीर केल्यान गो इवल्याशा चेडवान! जाळी खाली पडली, हात उंचावले, शब्दांवर शब्द आदळले, हसण्यावर रडणं. आणि बाबा, त्या शिव्यांच्या मुसळधारेत, मान खाली घालून, लहान मुलासारखे भिजत, हसत राहिले.

"आई, सगळे मला ओरडतायत का?" जुईनं विचारलं.

"हो."

"मग हसतायत का?"

प्रणितानं तिला नुसतं उचलून घेतलं. एवढं मोठं उत्तर चार वर्षांच्या कानात मावलं नसतं. जुईनं थोडा वेळ त्या गदारोळाकडे पाहिलं, गंभीरपणे, डोळे विस्फारून. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. बोरीखाली रेंगाळणाऱ्या, होडी सुटू देणाऱ्या एका मुलीच्या चेहऱ्यावर उजळायचं तसं.

हळूहळू काठ ओसरला. बाया जाळी खांद्यावर टाकून पायऱ्या चढल्या. बाबा दिगूला चहाला घेऊन गेले. वरच्या घरांतून एकेक दिवा लागला, धूर निघाला, भाताचा वास उतरून खाली आला. पुलावरून गाड्या जाऊ लागल्या, उजेडाचे मणी एकामागून एक, कुणाचीही वाट न पाहता.

शेवंतकाकी उठली नव्हती.

"काकी, चला ना. थंडी पडली," प्रणिता म्हणाली.

"येतंय गो. तू चल फुडे. पोर पेंगुळला."

प्रणिता दोन पायऱ्या चढली. खांद्यावर जुईचा श्वास जड होत होता, मऊ, उष्ण, इवला. आणि आज पहिल्यांदाच ती तो मोजत नव्हती. वर घरात उजेड होता. खाली काठाच्या टोकाला एक वाकलेली पाठ होती, आणि तिच्यापुढे काळोखात मिसळत चाललेलं, अपार, अनुत्तर पाणी.

ती वळली. परत खाली आली. झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, म्हातारीच्या अंगाला अंग लावून बसली. शेवंतकाकीनं आपला पदर सोडवला, आणि अर्धा जुईवर घातला.

भरती वर येत होती. पायरी बुडाली, आणखी एक बुडाली. मग पाणी आलं, निवांत, निळंसावळं, ताऱ्यांचा पहिला चुरा अंगावर वागवत. आधी भेगाळलेल्या, म्हाताऱ्या टाचांपाशी आलं. मग पुण्याच्या रस्त्यांनी राठ झालेल्या पावलांपाशी. आणि मग, मांडीवरून लोंबणाऱ्या त्या इवल्या पावलाला त्यानं हळूच हात लावला. आणि त्यावरची वाळू, दांड्यावरची, अर्ध्या वाटेवरची वाळू, कणाकणानं, कणाकणानं, धुऊन नेली.